जुन्या ट्रकला रिकंडिशन इंजिन: पैसे मोजण्याआधी काय मोजायचं

गाडी ऑइल खायला लागली आणि घाटात दम सोडू लागली की गॅरेजमध्ये दोन वाक्यं पाठोपाठ ऐकू येतात. "इंजिनचं काम निघालंय." आणि लगेच, "रेडी इंजिन आहे, दोन दिवसांत बसवून देतो." पहिलं वाक्य खरं आहे का, ते तपासल्याशिवाय दुसऱ्याचा विचारच करायचा नाही.

रिकंडिशन इंजिन हा मुळात वाईट सौदा नाही. नीट बांधलेलं इंजिन जुन्या गाडीला पुन्हा कित्येक वर्षं धंद्याला लावतं. अडचण अशी की "रिकंडिशन" या शब्दाला बाजारात ठरलेला अर्थ नाही. सुटं करून, धुऊन, प्रत्येक भाग मोजून, टेस्ट बेंचवर चालवलेलं इंजिनही रिकंडिशन, आणि नुसत्या रिंगा बदलून वरून रंग मारलेलंही रिकंडिशनच. स्टार्ट करून ऐकलं तर दोन्ही गोड वाजतात. म्हणून मोजमापाचा कागद हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. हा लेख सगळा त्या कागदाभोवती आहे.

उदाहरणं टाटाच्या १६१३, २५१५, २५१८ अशा जुन्या गाड्यांची घेतली आहेत. त्यांत मुख्यतः दोन इंजिनं भेटतात. एक टाटाचं ६९७: सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), १२८ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास), ५,६७५ सीसी. दुसरं कमिन्सचं ६बीटी: १०२ मिमी बोअर, १२० मिमी स्ट्रोक, ५,८८३ सीसी, म्हणजे ज्याला सगळे ५.९ म्हणतात ते. ६९७ मध्ये ड्राय लायनर, म्हणजे ब्लॉकच्या भोकात बसवलेली वेगळी नळी असते. ६बीटीला लायनरच नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. हा फरक खरेदीच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो, पुढे येईलच.

इंजिन खरंच गेलंय का

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोक झालेला, टर्बोचा होज फाटलेला, नोझल गळके, डिझेल पंपाचं टायमिंग सरकलेलं, यांपैकी काहीही असू शकतं आणि त्यात बोअर-पिस्टनचा काही दोष नसतो. पिकअप गेला असेल तर डिझेल फिल्टर आणि फीड पंप बघा, एक्झॉस्ट ब्रेकचा बटरफ्लाय अर्धवट बंद अडकलाय का बघा. टॉप गिअरला चढावर दाबल्यावर आरपीएम वाढतोय पण गाडी वेग घेत नाही, तर तो क्लच आहे. क्लच घसरत असताना इंजिन उतरवायला निघालेले मालक कमी नाहीत.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते रिंगांमधूनच येतं असं नाही. टर्बोचा हवेचा आउटलेट होज काढून आत बोट फिरवा. ऑइलचा हलका थर चालतो. ओघळ किंवा डबकं दिसलं आणि टर्बोचा शाफ्ट हाताला खडखड हलला, तर आधी टर्बोचं काम करा. पांढरा धूर सकाळच्या थंडीत काही मिनिटं निघतोच. गाडी गरम झाल्यावरही तो सुटत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. हेडचा खर्च आणि अख्ख्या इंजिनाचा खर्च यांत मोठा फरक आहे.

मग बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात (क्रँककेसमध्ये) उतरणारा दाब. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. झाकण थरथरलं तर काळजी नाही. उडून पडत असेल आणि तोंडातून सलग धूर येत असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतोय. इथेच बहुतेक जण निकाल देऊन मोकळे होतात, आणि इथेच चूक होते. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा गेल्या तरी तोच दाब क्रँककेसमध्ये उतरतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावा, हवेच्या टाक्या रिकाम्या करा, कॉम्प्रेसरचा बाहेर जाणारा पाइप सोडवा आणि पुन्हा झाकण ठेवून बघा. बॅक एकदम कमी झालं तर दोष कॉम्प्रेसरचा. झिजलेल्या टर्बोमधूनही हवा ऑइल रिटर्न पाइपाने खाली उतरते. या दोन्ही गोष्टी बाद झाल्यावरच बोट बोअरकडे दाखवायचं.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. डिझेल इंजिनचा गेज वेगळा असतो, पेट्रोलचा चालत नाही. आकडा इंजिनच्या मॅन्युअलशी ताडून बघा, पण त्याहून जास्त लक्ष सहा सिलिंडरांमधल्या फरकाकडे द्या. पाच सारखे आणि एकच खाली असेल तर व्हॉल्व्ह बसत नसेल, गॅस्केट गेलं असेल किंवा त्या एकाच पिस्टनचं काही असेल. सहाही सारखेच खाली आले असतील तर ती वयाची झीज आहे.

ऑइल प्रेशर डॅशबोर्डवरच्या काट्यावर बघू नका, मेकॅनिकल गेज लावा. ६बीटीला इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला किमान १० पीएसआय आणि पूर्ण आरपीएमला किमान ३० पीएसआय लागतं. त्याखाली गेलं आणि खालून ठोकल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग संपलेत.

शेवटची चाचणी जवळजवळ फुकट आहे. ऑइल फिल्टर काढला की टाकू नका. वरचं पत्र्याचं कवच कापा, आतला घड्या घातलेला कागद सोडवून पिळून घ्या आणि पांढऱ्या कपड्यावर उन्हात पसरा. काळा चिखल चालतो. घड्यांच्या खाचांत बारीक चमचमणारी भुकटी आहे का बघा. पिवळट-तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. करडी, चुंबकाला न चिकटणारी चमक म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा थर. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे रिंगा, बोअर, कॅम किंवा गिअर. तांबं दिसलं की त्या इंजिनावर पुढची ट्रिप मारू नका. आत्ता थांबलात तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) एका साइजने ग्राइंड, म्हणजे घासून बारीक, होऊन वाचेल, आणखी पळवलीत तर क्रँकच बदलावा लागेल.

जुनं इंजिन कशाने गेलं

हा प्रश्न विचारायला कुणालाच वेळ नसतो, आणि रेडी इंजिन सहा महिन्यांत पुन्हा बसण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. नवं इंजिन त्याच रेडिएटरला, त्याच एअर फिल्टरच्या डब्याला, त्याच पंप-नोझलला जोडलं जाणार असतं.

इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, बाहेरची जाळी धुवा, फॅनचा बेल्ट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि होज बघा. थर्मोस्टॅट आहे का ते बघाच. आपल्याकडे "उन्हाळ्यात गाडी गरम होते" म्हणून तो काढून फेकायची वाईट खोड आहे. ६बीटीमध्ये थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच बायपासची वाट बंद होते. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे घाटात इंजिन उलट जास्त तापतं. आणि हलक्या लोडला ते नीट गरमच होत नाही, डिझेल बोअरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते.

सगळ्या सिलिंडरांत सारखी, लवकर झालेली झीज बहुतेक वेळा धूळ आत गेल्याची असते. एअर फिल्टरच्या पुढच्या होजच्या आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर क्लॅम्प सैल आहे किंवा होजला भोक आहे. खडी, वाळू, वीटभट्टीच्या धंद्यात चालणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. एकाच पिस्टनचा माथा वितळला किंवा जळला असेल तर त्या सिलिंडरचा नोझल दोषी, आणि पंप-नोझल कॅलिब्रेट न करता नवं इंजिन लावलंत तर त्याच नंबरचा पिस्टन पुन्हा जाईल.

गाडीत जीव किती उरलाय

इंजिन उतरवण्याआधी गाडी पिटवर घ्या. चासीला स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ आणि क्रॉस मेंबरच्या रिव्हेटजवळ चिरा आहेत का, गिअरबॉक्स कुठला गिअर सोडतो का, क्राउन-पिनियन ओरडतो का, केबिनचा पत्रा खालून सडलाय का, सगळं लिहून काढा. दोन वर्षांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही निघणार असतील तर त्यांचा खर्च आजच्या इंजिनाच्या खर्चातच धरायचा.

कागदांचा हिशेबही इथेच करा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो, आणि पंधरा वर्षांवरच्या अवजड गाडीची फिटनेस फी नव्या गाडीच्या कित्येक पट आहे. दिल्ली-एनसीआरकडचा माल धरत असाल तर जुन्या डिझेल गाड्यांवरचे तिथले निर्बंध आजच्या तारखेला काय आहेत ते आधी तपासा. गाडी त्या भागात जाऊच शकत नसेल तर भाड्याचं गणितच बदलतं. दुसऱ्या बाजूला नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) मिळतं आणि नव्या व्यावसायिक गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमात आहे.

इंजिनने परतावा किती द्यायचा, याचा अंदाज घरच्या घरी निघतो. समजा गाडी महिन्याला ५,००० किमी चालते आणि ॲव्हरेज ४ वरून ३.५ वर आलंय. आधी १,२५० लिटर लागायचं, आता १,४२९. डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला सोळा हजार रुपये नुसते धुरात जातात. त्यात वरून भरायचं ऑइल आणि रस्त्यात उभं राहून बुडालेलं भाडं मिळवा. इंजिनचा एकूण खर्च, म्हणजे उतरवणं-चढवणं, क्लच, रेडिएटर, पंप, ऑइल आणि गाडी उभी राहिलेले दिवस धरून, या आकड्याने भागा. उत्तर किती महिने येतं आणि गाडी तितके महिने कागदाने आणि चासीने टिकणार आहे का, एवढंच बघायचं. बारा-पंधरा महिन्यांत सुटत असेल आणि चासी ठणठणीत असेल तर काम काढा. तीन वर्षं लागत असतील तर गाडी आहे तशी विकणं बरं.

चार वाटा

पहिली वाट, स्वतःचंच इंजिन बांधून घेणं. मेस्त्री ओळखीचा आणि बोरिंगवाला मशीन राखणारा असेल तर ही वाट सगळ्यांत चांगली. ब्लॉकचा इतिहास तुम्हाला माहीत असतो, इंजिन नंबर तोच राहतो, प्रत्येक भाग उघडा असताना स्वतः बघता येतो. तोटा वेळेचा. हेड, क्रँक, ब्लॉक तीन वेगवेगळ्या दुकानांत फिरतात आणि दहा ते पंधरा दिवस सहज जातात.

दुसरी, कंपनीचं एक्स्चेंज इंजिन. टाटाचं प्रोलाइफ आणि कमिन्सचं रिकॉन या नावांनी जुनं देऊन तयार घेता येतं. पैसे जास्त, पण मापं कंपनीची, टेस्ट झालेलं, वॉरंटी लिखित आणि गाडी लवकर रस्त्यावर. इथे सौदा अडतो तो परत द्यायच्या जुन्या इंजिनावर. ब्लॉकमधून रॉड बाहेर आला असेल, ब्लॉक वेल्ड केलेला असेल किंवा भाग गायब असतील तर त्याचे पैसे कापतात किंवा घेतच नाहीत. हे आधी लेखी विचारून घ्या आणि जुनं इंजिन उघडून विखुरण्याआधी विचारा.

तिसरी, एखाद्या वर्कशॉपने बांधून ठेवलेलं रेडी इंजिन. या वाटेवर सोनं आणि माती दोन्ही मिळतं, म्हणून पुढचा भाग मुख्यतः हिच्यासाठी.

चौथी, भंगारात निघालेल्या गाडीचं चालू इंजिन. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारात असं इंजिन स्वस्तात मिळतं. ते "चालू" आहे एवढंच त्याच्याविषयी सांगता येतं. गाडी वर्षभरच चालवायची असेल तर ठीक. नाहीतर त्याकडे फक्त चांगला ब्लॉक आणि चांगला क्रँक म्हणून बघा आणि पुढचं बांधणीचं काम गृहीत धरा.

कुठलीही वाट धरली तरी बोलणं सुरू होताच विचारा: हाफ इंजिन की फुल? हाफमध्ये हेड येत नाही. फुल म्हटलं तरी त्यात पंप, नोझल, टर्बो, वॉटर बॉडी, ऑइल कूलर, कॉम्प्रेसर, सेल्फ, अल्टरनेटर आहेत का, प्रत्येक नाव घेऊन विचारा. दोन दुकानांच्या किमतीत फरक दिसतो तो बऱ्याचदा या यादीचाच असतो.

मोजमापाचा कागद

विक्रेत्याकडे ही मापं लिहून मागा, त्याच्या सही-शिक्क्यासह, बिलावर इंजिन नंबरसोबत. ज्याने खरंच काम केलंय तो पाच मिनिटांत देतो, कारण बोरिंगवाल्याने ती त्याला दिलेलीच असतात. जो "शेठ, भरवसा ठेवा" म्हणतो, त्याच्याकडे ती नाहीत.

पहिलं माप बोअरचं. ६बीटीला लायनर नसल्याने बोअर वाढवायला ०.५ मिमी आणि १.० मिमी असे दोनच ओव्हरसाइज आहेत. त्यानंतर ब्लॉकमध्ये स्लीव्ह (आतून बसवायची नळी) ठोकावी लागते. म्हणजे १.० वर गेलेला ब्लॉक शेवटच्या कामावर आलेला आहे आणि किंमत त्याप्रमाणे कमी हवी. स्लीव्ह मारलेला असेल तर तेही लिहून द्यायला सांगा. नीट मारलेली स्लीव्ह चालते, लपवलेली नको. ६९७ मध्ये लायनर नवा बसतो, पण तो ज्या भोकात बसतो ते भोक आणि वरची कॉलरची बैठक मोजली का, ते विचारा. ड्राय लायनर ब्लॉकला सगळीकडून घट्ट टेकला तरच उष्णता पाण्याकडे जाते. सैल बसलेल्या लायनरमध्ये पिस्टन तापून धरतो. बैठकीत जुना कार्बन राहिला आणि लायनर त्यावरच दाबला, तर हेड टाइट करताना कॉलरला चीर जाते. ती दिसते तेव्हा गाडी रस्त्यावर असते.

दुसरं माप क्रँकचं. बाजारात भाषा अशी: क्रँक स्टँडर्ड आहे, दहावर आहे, वीसवर आहे. दहा म्हणजे ०.२५ मिमी ग्राइंड केलेला, वीस म्हणजे ०.५०, तीस ०.७५, चाळीस १.००. मेन (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ती जागा) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड धरतो ती जागा) वेगवेगळ्या साइजवर असू शकतात, दोन्ही विचारा. चाळीसवरचा क्रँक म्हणजे त्याचंही हे शेवटचं काम. क्रँकला चिरा तपासायची चुंबकीय टेस्ट झाली का, आणि सरळपणा डायल गेजवर बघितला का, हेही कागदावर हवं.

क्रँक उघडा बघायला मिळाला तर एक जागा बोटाने तपासा. जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, जिथे संपतो आणि बाजूची भिंत उभी राहते, तिथला कोपरा कंपनीने गोलाई देऊन बनवलेला असतो. घाईत ग्राइंड करणारा चाकाची धार तशीच ठेवतो आणि कोपरा काटकोनात निघतो. नख फिरवा. गुळगुळीत वळून वर चढलं तर ठीक. नख टोकावर अडकलं तर तो क्रँक घेऊ नका. सगळा ताण त्याच रेषेवर येतो आणि भरलेल्या गाडीत चढावर क्रँक तिथूनच तुटतो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. ब्लॉक आणि हेड दोन्हींची पाण्याच्या दाबाखाली टेस्ट. हेडचा माथा किती घासला आणि व्हॉल्व्ह किती आत बसलेत ते माप. कनेक्टिंग रॉड सरळ आहेत का, त्यांचे स्मॉल एंड बुश नवे का. पिस्टन, रिंग, बेअरिंग कुठल्या कंपनीचे, बिल आणि रिकामी खोकी. ६बीटीच्या जुन्या इंजिनांत पुढच्या गिअर हाउसिंगची एक डॉवेल पिन (भाग जागेवर धरणारी खुंटी) सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. टायमिंग कव्हर उघडलेलंच होतं, तर त्या पिनेला अडवणारी पट्टी बसवली का, विचारा.

इंजिन आधीच बंद करून ठेवलेलं असेल तर एक गोष्ट मागा: ऑइल संप (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून एक मेन आणि एक बिग एंड कॅप उघडून दाखवा. बेअरिंगच्या पाठीवर साइज छापलेली असते. कागदावर "दहा" आणि पाठीवर ०.५० दिसलं, तर उरलेल्या मापांवरही विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. संप उतरलेलाच असताना पांढरं स्वच्छ फडकं ऑइलमध्ये भिजवून खालून दिसणाऱ्या बोअरच्या भिंतीवर फिरवा. फडक्यावर करडी छटा आली तर होनिंगची (बोअरला दगडाने केलेल्या शेवटच्या घासणीची) कचवड धुतलेली नाही. ती कचवड म्हणजे दगडाची भुकटी, नव्या रिंगा ती पहिल्याच महिन्यात खाते.

वॉरंटीच्या कागदावर किलोमीटर आणि महिने याहून महत्त्वाचं वाक्य हे: बिघाड झाला तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी कोण देणार? नुसते "पार्ट बदलून देऊ" असेल तर अर्धा खर्च तुमच्याच डोक्यावर. पंप कॅलिब्रेशनचं आणि रेडिएटरच्या कामाचं बिल नसेल तर बरेच जण वॉरंटी नाकारतात, म्हणून ती बिलं जपा.

इंजिन नंबर आणि आरटीओ

दुसरं इंजिन बसलं की नंबर बदलतो, आणि आरसी बुकावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. रस्ता मात्र सरळ आहे: आधी आरटीओकडे परवानगीचा अर्ज, परिवहनच्या वाहन पोर्टलवर अल्टरेशनची सेवा, मग तपासणी आणि नोंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीविना इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं आणि आरसीवर असलेल्याच बीएस नॉर्मचं (धुराच्या मानकाचं) घ्या. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम त्याच मुद्द्यावर अडवतात.

भंगारातल्या इंजिनासोबत जीएसटी बिल, ज्या गाडीतून ते निघालं त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद आणि विकणाऱ्याची ओळख, तिन्ही घ्या. नंबरची जागा घासलेली किंवा पुन्हा पंच केलेली दिसली तर तो सौदा तिथेच सोडा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिसांसमोर उभं राहायला तुम्हालाच लागेल.

बसवताना

जुनं इंजिन बेअरिंगचं बारीक पीठ होऊन गेलं असेल तर जुना ऑइल कूलर नव्या इंजिनाला लावू नका. त्याच्या नळ्यांत अडकलेला धातू कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि सुटेल तेव्हा सरळ नव्या बेअरिंगवर जातो. टर्बोची ऑइल लाइन नवी घ्या. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर उलटा करून ऑइल आणि पात्यांचे तुकडे झाडून काढा. इंजिन खाली आहे तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकची मागची सील आणि इंजिन फाउंडेशनचे रबर बदलून टाका; हे वाचवून पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दुप्पट मजुरी. फ्लायव्हीलला उष्णतेचे निळे डाग किंवा चिरा असतील तर फेस करून घ्या.

पहिल्या स्टार्टची घाई करू नका. ऑइल आणि भरलेला फिल्टर लावून, टर्बोच्या ऑइल लाइनच्या तोंडात थोडं ऑइल ओतून, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा. एका वेळी तीस सेकंदांच्या आत, मध्ये विश्रांती देऊन, गेजवर प्रेशर चढेपर्यंत. त्यानंतरच डिझेल सोडा. ६बीटीच्या १२ व्हॉल्व्ह इंजिनला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन थंड असताना इनटेक ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी.

रन-इन, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला चालवून बसवणं, याविषयी एक चुकीची समजूत पक्की बसली आहे, की नवं इंजिन दिवसभर आयडलवर ठेवावं. नेमकं ते करू नका. रिंगा बोअरला घासून बसायला त्यांच्यावर जळणाऱ्या वायूचा दाब लागतो, आणि तो लोडवरच येतो. आयडलवर बोअरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग तेच नवं इंजिन जन्मभर ऑइल खातं. गाडी गरम करून, निम्मा ते पाऊण लोड भरून, वेग आणि आरपीएम बदलत चालवा. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा घाट पूर्ण भरून टॉप गिअरला ओढू नका, एक गिअर खाली ठेवा. ओव्हरलोड तर नाहीच.

पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आसपास बदला, टॅपेट पुन्हा बघा आणि ज्या गॅस्केटला री-टॉर्क सांगितलंय तिथे हेड पुन्हा टाइट करा. त्या पहिल्या फिल्टरचा कागद पुन्हा कापून उन्हात पसरा. लोखंडाची थोडी बारीक भुकटी पहिल्या वेळी निघते, रिंगा बसल्याची ती खूण आहे. तांबूस चमक निघाली तर गाडी तिथेच उभी करा, कपड्यासकट फोटो काढा, ऑइलचा नमुना बाटलीत सील करा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. त्याचा माणूस येईपर्यंत एकही बोल्ट उघडू नका. दुसऱ्याच्या हाताने उघडलेल्या इंजिनाची वॉरंटी कुणीच देत नाही.